पीआयपीचं अपील: ट्रायब्युनलपुढे नेमका काय पुरावा ठेवायचा?

कृष्णाकाठची, लेस्टर

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, एकवीस वर्षं झाली लेस्टरला. नऊ वर्षांपासून रुमेटॉइड संधिवात आहे. शाळेच्या किचनमध्ये कामाला होते. मोठं पातेलं हातातून सुटायला लागलं, तेव्हा नोकरी सोडली.

पीआयपीसाठी, म्हणजे आजारपणामुळे रोजची कामं अडतात त्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यासाठी, अर्ज केला होता. तपासणी फोनवरच झाली, पाऊण तास. मार्चमध्ये निकाल आला: रोजच्या जगण्यातल्या अडचणींचे ६ गुण, चालण्याफिरण्यातल्या अडचणींचे ४. ज्या भागाचे पैसे हवेत त्यात किमान ८ लागतात, म्हणजे हातात काहीच नाही. फेरविचार मागितला, तोही तसाच परत आला. मग मुदतीत ट्रायब्युनलकडे, म्हणजे खात्यापासून स्वतंत्र असलेल्या न्यायमंडळाकडे, अपील केलं. आता भत्त्याच्या सरकारी खात्याकडून १४२ पानांचा गठ्ठा आलाय. त्यात माझ्याविषयी लिहिलंय, ‘स्वयंपाक स्वतः करते.’

हे मीच सांगितलं होतं. तपासणी करणाऱ्या बाईने विचारलं, घरात जेवण कोण करतं? मी म्हटलं, मी. घरची बाई दुसरं काय सांगणार? पण भाजी लेक चिरून ठेवते, कुकरचं झाकण हे लावतात, गरम पातेल्याला मी हातही लावत नाही, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. सुरुवातीला कशी आहेस विचारल्यावर सवयीने ‘बरी आहे’ म्हणाले, तेसुद्धा लिहून घेतलंय. ते वाचून रडूच आलं.

माझ्याकडे रक्ताचे रिपोर्ट, हातांचे एक्सरे, मेथोट्रेक्सेट या औषधाच्या चिठ्ठ्या अशी नऊ वर्षांची जाडजूड फाइल आहे. जूनमध्ये बाथरूममध्ये पडले, त्याचे हॉस्पिटलचे कागद आहेत. जीपीच्या, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात पत्र मागितलं तर पैसे पडतील म्हणाले. एवढं सगळं पाठवलं तर पुरेल का? फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं की चौघांच्या पोळ्या लाटता येत नाहीत आणि ओव्हनमधलं वाकून काढता येत नाही. त्याचे काहीच गुण दिले नाहीत.

माई, हॅरो

अगं, तुझं वाचलं आणि माझेच दिवस आठवले. माझी सुनावणी २०२३ मध्ये झाली. समोर तिघं बसतात: एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली तिसरी व्यक्ती. माझे रिपोर्ट त्यांनी बाजूलाच ठेवले. आजार आहे की नाही यावर वादच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय केलंत? मी अर्धा तास तेच सांगत होते. मोजे कुणी घातले, जिना कसा उतरले, वाटेत किती वेळा थांबले.

मला उपयोगी पडली ती माझी वही. चार आठवडे रोज लिहायचे. ‘आज खूप दुखलं’ असं लिहून भागत नाही. माझं एक पान असं होतं: ‘मंगळवार. पावणेसातला जाग. बोटं मिटेनात. ब्रशवर पेस्ट यांनी लावून दिली. साडेआठला टबमध्ये पाय टाकताना यांनी दोन्ही काखांत हात घालून धरलं. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायले. अकरानंतर बोटं जरा मोकळी.’ बस्स, एवढंच. पण एवढं लिहायलासुद्धा मला लाज वाटायची. नवऱ्याने अंघोळीला धरलं हे परक्यांपुढे कसं मांडायचं? तरी मांड. त्यांना ते ऐकायचंच असतं, आणि माणसं नीट ऐकून घेतात.

सह्याद्री, बर्मिंगहॅम

ताई, मी आठ वर्षं इथल्या एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक आहे, अपिलांचे कागद लावून देतो. माईंनी सांगितलं ते अगदी बरोबर. त्यात थोडी भर घालतो.

पोळ्या आणि ओव्हन आता सोडून द्या. नियमात स्वयंपाक म्हणजे ताज्या जिन्नसांपासून एका माणसापुरता एक साधा पदार्थ, आणि शिजवणं म्हणजे कमरेच्या उंचीवर किंवा त्याच्या वर. वाकणं त्यात मोजतच नाहीत, चौघांचं जेवणही नाही. तुमची खरी बाजू तुम्ही इथे सहज लिहून गेलात: भाजी लेक चिरते, झाकण हे लावतात, गरम पातेलं उचलवत नाही. ही दुसऱ्याची मदत झाली. तिचे ४ गुण आहेत, तुम्हाला बहुधा साधन वापरण्याचे २ दिलेत. टबमध्ये उतरताना किंवा बाहेर येताना कुणी धरावं लागत असेल तर ३. मोजे, बूट, कमरेखालचे कपडे दुसऱ्याने घालावे लागत असतील तर २. बेरीज करून बघा, ९ होतात. नुसती बेरीज जमावी म्हणून मात्र काही लिहू नका. जे घडतं तेच लिहा.

मग ‘करता येतं’ म्हणजे काय, हे पाहा. पीआयपीच्या नियम ४ प्रमाणे ते काम सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमलं पाहिजे. निरोगी माणसाला लागतो त्या जास्तीत जास्त वेळेच्या दुपटीहून अधिक वेळ लागला, तर ते जमतं असं धरता येत नाही. शिवाय वर्षातल्या निम्म्याहून जास्त दिवस तशी स्थिती हवी. सकाळी हात चालत नाहीत आणि दुपारी चालतात, तरी तो दिवस तुमच्या बाजूने धरला जाऊ शकतो, फक्त सकाळची अडचण क्षुल्लक नसावी. म्हणून वहीत वेळ लिहायची.

चालण्याचंही असंच. जास्तीत जास्त ५० ते २०० मीटरच चालवत असेल तर ४ गुण, काठीशिवाय २० ते ५० मीटरच चालवत असेल तर ८. गुगल मॅपवर घरापासून बसस्टॉप मोजा आणि कुठे थांबावं लागतं, किती मिनिटं, थांबल्यावर पुन्हा तेवढं चालवतं का, ते लिहा. ‘थोडंसं चालते’ याचा तिथे काही अर्थ लागत नाही.

जूनच्या पडण्याबद्दल जपून. ट्रायब्युनल खात्याच्या मूळ निकालाच्या दिवशी तुमची स्थिती काय होती तेवढंच पाहतं, म्हणजे मार्च. नंतर वाढलेला त्रास त्यात येत नाही. पण टबमध्ये उतरताना मार्चआधीपासूनच तोल जात होता आणि जूनमध्ये शेवटी पडलात, असं असेल तर तो कागद जरूर लावा आणि सोबत दोन ओळींत हे समजावून सांगा. आज लिहिलेलं पत्रही मार्चबद्दल बोलत असेल तर चालतं.

जीपीच्या पत्राला पैसे मोजण्याआधी आपल्या नोंदींची प्रत मागा. ती सहसा फुकट मिळते. सगळी फाइल पाठवू नका, हातांची पकड किंवा सकाळचा ताठरपणा जिथे लिहिलाय तीच पानं काढा. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं सोपी व्हावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) घरी येऊन टबला दांडा बसवला असेल तर तो अहवाल दहा रक्ततपासण्यांपेक्षा मोलाचा. आणि सगळ्यात आधी लेकीकडून पत्र घ्या, तिच्या शब्दांत.

मुळामुठा, स्लाउ

एक राहिलं. मराठी दुभाषा मागा, फुकट असतो. माझ्या भावाचं इंग्रजी चांगलं आहे, पण उलटसुलट प्रश्न सुरू झाले की तोही ‘येस येस’ करून मोकळा होतो. लेकीला दुभाषी होऊ देणार नाहीत, ती साक्षीला बसू शकते. आणि कागदांवर निकाल नको, सुनावणीच मागा. सुनावणीत दिलेले गुण कमीही होऊ शकतात म्हणून काही जण घाबरतात. पण ताईंना पैसेच मिळत नाहीयेत, तेव्हा ती भीती नको.

कृष्णाकाठची, लेस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस वही लिहिली. पहिले दोन दिवस ‘सकाळी त्रास’ एवढंच लिहिलं होतं, मग माईंचं पान पुन्हा वाचलं आणि घड्याळ बघून लिहायला लागले. बसस्टॉप १८० मीटरवर निघाला. मी आधी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीशी थांबते, ती ४० मीटरवर. तिथे भिंतीला टेकून पाच-सहा मिनिटं जातात. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

लेकीने काल पत्र लिहिलं. ती सतरा वर्षांची आहे. तिने लिहिलंय, ‘कॉलेजला जायच्या आधी मी आईचे मोजे घालते, कांदा-बटाटा चिरून डब्यात ठेवते आणि दुधाच्या बाटलीचं झाकण अर्धवट सैल करून जाते, म्हणजे तिला उघडता येतं. मी नववीत असल्यापासून करते.’ झाकणाचं मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तेवढं तरी माझं मला जमतंय.

दुभाषा मागितला आहे. टबच्या दांड्याचा अहवाल काउन्सिलकडे मागितला आहे. तो आला की सगळं अपिलाचा नंबर घालून एकदमच पाठवते. सुनावणीची तारीख कळली की इथे लिहीन.