मदत हवी आहे: चौरस मीटरच्या दराने दिलेलं बजेट आणि डिटेल एस्टिमेट यात २७ टक्के फरक, ट्रस्टींना आता काय सांगू?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी एका छोट्या डिझाइन ऑफिसमध्ये आहे, आत्तापर्यंत दुसऱ्यांनी काढलेल्या क्वांटिटीज तपासायचं काम केलंय, बजेट पहिल्यापासून एकटीने लावायची ही पहिलीच वेळ. बिल्डिंग म्हणजे मुलींचं वसतिगृह, तळमजला अधिक ३, प्रत्येक मजला साधारण ४०० चौ. मी., म्हणजे एकूण १६०० धरा. पैसा देणग्यांचा आहे. ट्रस्टींनी पहिल्याच मीटिंगला विचारलं की अंदाजे किती लागतील, तेव्हा ड्रॉइंग म्हणून फक्त एक लाइन प्लॅन होता, मग मी आमच्या दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या एका बिल्डिंगचा चौरस मीटरचा दर घेतला, १६०० ने गुणलं, खाली ३ टक्के कंटिन्जन्सी (अनपेक्षित खर्चासाठीची राखीव रक्कम) टाकली आणि आकडा दिला. त्यांनी त्यावर देणगीदारांना पत्रं पाठवली.

आता ड्रॉइंग्ज पक्की झालीत, सॉइल रिपोर्ट आलाय, स्ट्रक्चरलवाल्यांकडून बीबीएस (प्रत्येक सळईची लांबी-वजनाची यादी) आलंय, आयटमवाइज बीओक्यू (प्रत्येक कामाचं प्रमाण आणि दर यांचा तक्ता) करून बेरीज केली तर पहिला आकडा १०० धरला तर हा १२७ येतोय. तीनदा तपासलं. गुणाकारात चूक नाही.

मला जे सापडलं ते सांगते. जुनी बिल्डिंग २० बाय २० ची चौकोनी होती, मजल्याची उंची ३ मीटर, बाहेरच्या भिंतीचा घेर ८० मीटर, म्हणजे एका मजल्याला बाहेरची भिंत २४० चौ. मी. आमची ४० बाय १० आहे, मधे कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूला खोल्या, त्यात बाथरूमच्या डक्टसाठी १२ खाचा, प्रत्येक खाच १ मीटर खोल म्हणजे प्रत्येकीने घेर २ मीटरने वाढतो, १०० अधिक २४ असे १२४ मीटर झाले. उंची ३.६. गुणा, ४४६ येतात. मजल्याचं क्षेत्रफळ तेवढंच आणि भिंत जवळपास दुप्पट! भिंत वाढली की वीटकाम, दोन्ही बाजूंचा गिलावा, रंग, परांची, खिडक्या सगळंच वाढत जातं, आणि मी दर तर चौकोनी बिल्डिंगचा लावला होता. हे जेव्हा कागदावर मांडलं तेव्हा अक्षरशः पोटात गोळा आला.

दुसरं पाया. आम्ही कठीण थर १.५ मीटरवर लागेल असं गृहीत धरलं, रिपोर्टमध्ये तो ३.५ वर आहे. २७ फूटिंग, प्रत्येक खड्डा २.५ बाय २.५, खोदाई २५३ घनमीटरवरून ५९० वर गेली. त्यात बाजू उभ्या राहणार नाहीत म्हणून उतार द्यावा लागणार, पाणी उपसावं लागणार, जोत्याखालचे कॉलम लांबले, भराव वाढला.

तिसरं स्टील. काँक्रीट साधारण ४८० घनमीटर आहे, मी सरसकट ८० किलो प्रति घनमीटर धरलं होतं म्हणजे ३८ टन, बीबीएसमधून सरासरी ११२ पडतंय, म्हणजे जवळपास ५४ टन. लॅप (सळ्या जोडताना एकमेकींवर घेतलेली लांबी), चेअर (वरच्या सळ्यांना आधार देणारे तुकडे), कॉलम-बीमच्या जोडापाशी जवळजवळ घेतलेल्या रिंगा, हे असल्या ढोबळ अंदाजात कुठे येतंच नाही.

प्रश्न असे आहेत. हा फरक ट्रस्टींना समजेल असा कसा मांडायचा, कारण त्यांना वाटणार की आधी कमी सांगून फसवलं. कंटिन्जन्सी किती ठेवायची, ऑफिसमध्ये कोणी ३ म्हणतं कोणी १० म्हणतं, कारण कोणीच देत नाही. आणि खर्च कमी करायचा तर कुठे हात घालायचा, सगळे म्हणतात टाइल्स आणि रंग स्वस्त घे, पण त्या मुली तिथे वर्षानुवर्षं राहणार आहेत, बाथरूममध्ये पाणी मुरायला लागलं तर काय करायचं, मला ते मनाला पटत नाहीये.

प्रतिसाद १

ताई, पोस्ट नीट वाचली, तुमचं अर्धं काम तुम्हीच केलंय. तुमचा पहिला आकडा दुसऱ्याच बिल्डिंगचा होता, एवढं आधी स्वतः मान्य करा, म्हणजे ट्रस्टींना सांगताना शब्द अडखळणार नाहीत. चौरस मीटरचा दर हा पहिल्या टप्प्यावर चालतो, सगळेच वापरतात, पण तो देताना त्याच्या सोबत रेंज द्यायची असते. एएसीई या खर्चाचे अंदाज काढणाऱ्यांच्या संस्थेने एस्टिमेटचे ५ वर्ग केलेत, ५ वा सगळ्यात कच्चा आणि १ ला सगळ्यात पक्का, आणि डिझाइन किती पुढे गेलंय त्यावर वर्ग ठरतो. तुम्ही लाइन प्लॅनवर एकच आकडा दिला आणि तो पक्का समजला गेला, खरी गडबड तिथे झाली.

आता करायचं काय, तर दोन्ही बिल्डिंगचा खर्च एलिमेंटवाइज, म्हणजे बिल्डिंगच्या एकेका भागाप्रमाणे मांडा. जोत्यापर्यंत, फ्रेम, बाहेरच्या भिंती, दारं-खिडक्या, आतल्या भिंती, फिनिशिंग, प्लंबिंग-इलेक्ट्रिकल, आणि बाहेरची कामं वेगळी. जुन्या बिल्डिंगचा प्रत्येक एलिमेंटचा खर्च त्याच्या स्वतःच्या क्वांटिटीने भागा, बाहेरच्या भिंतीचा भिंतीच्या क्षेत्रफळाने, खोदाईचा घनमीटरने, मजल्याच्या क्षेत्रफळाने नाही. मग फरक आपोआप दिसतो आणि ट्रस्टींना पण समजतो, कारण भिंत किती वाढली हे त्यांना प्लॅनवर बोट ठेवून दाखवता येतं.

दोन गोष्टी नक्की तपासा. एक, जुना दर कुठल्या क्षेत्रफळावर काढला होता, जिने बाल्कनी धरून की सोडून, आणि त्यात कंपाउंड वॉल, जमिनीखालची टाकी, ड्रेनेज, रस्ता हे होतं का. बहुतेक वेळा नसतं. दुसरं, वेस्टेज (वाया जाणाऱ्या मालासाठी धरलेली वाढ) दोनदा लागलंय का ते बघा. बीबीएसमध्ये ५ टक्के घातलेलं असतं आणि तेच रेट अनॅलिसिसमध्ये (माल-मजुरीवरून दर काढताना) परत ५, ही चूक मी स्वतः केलीय आणि ती बिल्डिंग संपत आली तेव्हा लक्षात आली. खोदाईत मात्र उलटं होतं, मोजमाप जागच्या मातीचं आणि ट्रकमध्ये जाते ती सुटलेली, साधी माती खोदल्यावर २५ टक्क्यांच्या आसपास फुगते, तुमचे ५९० वाहतुकीला ७३७ होतात. दर त्याप्रमाणे आहे का बघा.

कंटिन्जन्सीबद्दल, सरसकट टक्का लावूच नका. आरआयसीएस या ब्रिटिश सर्व्हेयरांच्या संस्थेच्या न्यू रूल्स ऑफ मेझरमेंट या नियमावलीच्या पहिल्या भागात जोखमीचे ४ कप्पे केलेत: डिझाइन पुढे जाताना वाढणारं, साइटवर काम करताना निघणारं, मालकाने केलेले बदल, आणि मालकाकडच्या बाकीच्या गोष्टी. महागाई पण वेगळी दाखवतात, टेंडर येईपर्यंतची वेगळी आणि काम चालू असतानाची वेगळी. ड्रॉइंग्ज पक्की झाली म्हणजे तुमचा पहिला कप्पा बराच रिकामा झाला, तो कमी करा. पाण्याचा प्रश्न आहे म्हणजे साइटचा कप्पा भरलेला ठेवा. आणि मालकाच्या बदलांचा कप्पा ट्रस्टींच्या नावाने वेगळाच लिहा, मग मीटिंगमध्ये कोणी म्हटलं की इथे अजून एक खोली काढू, तर पैसे कुठून जाणार ते सगळ्यांना समोर दिसतं.

महागाईचं सोपं गणित म्हणजे कामाच्या मध्यापर्यंत धरायची. काम ६ महिन्यांनी सुरू होऊन १८ महिने चालणार असेल तर आजपासून १५ महिने. तुमचा जुना दर तर दोन वर्षांपूर्वीचा, तो आधी आजपर्यंत आणायला हवा होता.

प्रतिसाद २

टाइल्स स्वस्त करू नका हे अगदी बरोबर वाटतंय तुम्हाला. वॉटरप्रूफिंगला तर हातच लावू नका. खर्च कमी होतो तो आकारात, साहित्यात हात घालून फार काही निघत नाही. ३.६ उंची कशासाठी घेतलीय ते आधी विचारा. बहुतेक कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगमधून पाइप नेण्यासाठी असणार, पाइप डक्टमध्ये गेले तर सीलिंग लागतच नाही. आणि बाथरूम पाठीला पाठ लावून घेतली तर दोन खाचांची एक होते.

पैसे देणग्यांचे आहेत म्हणून एक सांगतो, एकूण आकड्याइतकंच कधी किती लागणार हे महत्त्वाचं. साधारण हिशोब असा धरतात की पहिल्या एक तृतीयांश वेळात पाव खर्च, मधल्यात निम्मा, शेवटच्यात परत पाव. तुमचे १८ महिने असतील तर ७ व्या ते १२ व्या महिन्यात अर्धी रक्कम हातात लागेल. ती नसली तर काम थांबतं, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचे साचे आणि टेकू) तसंच पडून राहतं आणि ठेकेदार दुसऱ्या साइटवर माणसं हलवतो, मग ती परत येत नाहीत लवकर. टप्प्याने बांधायचा विचार असेल तर वर सोडलेल्या कॉलमच्या सळ्यांना सिमेंटची स्लरी लावून ठेवायला सांगा, उघड्या ठेवलेल्या सळ्या दोन पावसात कशा होतात ते मी पाहिलंय, सोलून काढावा लागला गंज.

मूळ प्रश्न विचारणारी

दोघांचेही मनापासून आभार, काल रात्री जागून सगळं एलिमेंटवाइज मांडलं. वेस्टेज खरंच दोनदा लागलं होतं, स्टीलमध्ये आणि टाइल्समध्ये पण. आणि २७ मधले ६ टक्के तर बाहेरच्या कामांचे निघाले, टाकी, कंपाउंड आणि ड्रेनेज, जे जुन्या दरात नव्हतंच.

आज आर्किटेक्टांशी बोलले. उंची फॉल्स सीलिंगमुळेच होती, ती ३.१५ वर आणायला ते तयार आहेत, ६०० मिमीच्या बीमखाली २.५५ मिळतात. खाचा १२ वरून ६ होतील, घेर १२४ चा ११२. एका मजल्याची बाहेरची भिंत ४४६ वरून ३५३, चार मजल्यांत मिळून सुमारे ३७५ चौ. मी. भिंत गेली, म्हणजे गिलावाच ७५० चौ. मी. कमी झाला, आणि खोलीत राहणाऱ्या मुलीला काही कमी मिळत नाहीये. एवढं करून १२७ चे ११९ झालेत, चारही कप्पे सोडून.

ट्रस्टींसाठी तीन पानं केलीत. पहिल्यावर दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी आणि घेर लाल रंगात, दुसऱ्यावर एलिमेंट आणि जोखमीचे कप्पे, तिसऱ्यावर कोणत्या महिन्यात किती पैसे लागतील ते. पहिल्या पानावर वरती मी लिहिलंय की पहिला आकडा देताना मी रेंज सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. ऑफिसमधले सर म्हणाले हे लिहू नकोस, पण मी ते ठेवणार आहे.

एक राहिलंच. पाणी उपसायचं किती दिवस चालेल ते कोणीच सांगू शकत नाही, ते बीओक्यूमध्ये ठोक रकमेने घ्यावं की पंपाच्या तासावर दर मागवून तास अंदाजाने लिहावेत? ठोक घेतलं तर ठेकेदार भीतीपोटी जास्त लावेल असं वाटतंय, आणि तासावर घेतलं तर रोज नोंद ठेवायला साइटवर कोणीतरी विश्वासाचं माणूस लागेल. कोणी केलंय का असं, कृपया सांगा, मीटिंग सोमवारी आहे.