मदत हवी आहे: आई वेंगुर्ल्याहून मस्कतला एकटी निघालीय, वेळेचा हिशोब लागत नाही

नमस्कार. मोठी बहीण मस्कतला असते, गणपतीनंतर तिचं बाळंतपण आहे. आई (६७, गुडघे दुखरे) पहिल्यांदाच विमानात बसणार. बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे मला सोबत जाता येत नाही.

तिकिटावर मुंबईहून सकाळी ९:३० ला सुटून मस्कतला १०:४५ ला पोचणं आहे. परतीचं विमान तिथून दुपारी २ ला सुटतं आणि मुंबईत ६:१५ ला उतरतं. जाताना सव्वा तास, येताना सव्वाचार? आईने कॅलेंडरच्या मागे चारही वेळा लिहून काढल्या नि मला विचारलं, "गो, मुंबयक जावक अख्खी रात लागता, मगे मस्कत सव्वा तासात कसा?" मला काही सांगता आलं नाही.

दुसरं म्हणजे, कुडाळहून रात्रीची कोकणकन्या धरली तर हे विमान मिळेल ना? की मोपाहून मुंबईला विमानानेच पाठवू? मोपा आम्हाला तासाभरावर आहे.

प्रतिसाद:
ताई, तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे. मस्कतला १०:४५ वाजतात तेव्हा आपल्याकडे सव्वाबारा झालेले असतात, म्हणजे प्रवास पावणेतीन तासांचा. येतानाही तेवढाच. सरळ रेषेत अंतर १६०० किलोमीटरच्या थोडं आत आहे.

कोकणकन्येच्या भरवशावर त्याच सकाळचं विमान मात्र ठेवू नका, कळकळीने सांगतो. परदेशी विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे साडेसहाला विमानतळावर हजर राहायला हवं. गाडी पहाटे वेळेवर आली तर जमेल, पण तास-दीड तास रखडली तर संपलं. त्यात पावसाळी वेळापत्रक, जोराचा पाऊस असला की गाडी आणखी सावकाश चालवतात. एक रात्र आधी मुंबईत पोचू द्या. मोपा-मुंबई विमानाला साधारण सव्वा तास लागतो, पण तिकिटं वेगवेगळी असली तर आईंना सामान स्वतः उतरवून घ्यावं लागेल. विमान मुंबईच्या टर्मिनल १ ला उतरलं तर तिथून परदेशी विमानांच्या टर्मिनल २ ला जायचं, तेही एकटीने.

प्रतिसाद:
मी बरीच वर्षं मस्कतला होते. व्हीलचेअर विमान कंपनीला आत्ताच कळवून ठेवा, ऐनवेळी मागू नका. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत.

आणि बाळंतिणीचे लाडू देणार असाल तर खसखस अजिबात नको! आखाती देशांत ती अडचणीत आणते, काही ठिकाणी बंदीच आहे. मालवणी मसाल्यातही असते, तेव्हा तोही बघून घ्या. सुकं खोबरंही बॅगेत भरू नका. तेलकट असल्याने ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आईला घड्याळ हातात देऊन काटे दीड तास मागे फिरवून दाखवले, तेव्हा तिला पटलं. लाडू कालच वळून झाले होते, खसखस घालूनच. ते आता वाडीत वाटते आणि नवे करते. आदल्या दिवशीच्या गाडीचं तिकीट अजून वेटिंगवर आहे. ठाणे किंवा अंधेरीजवळ जिने न चढता एक रात्र राहता येईल अशी स्वच्छ जागा कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.