मध्यरात्री बंद खोलीत ८८ डेसिबल: आयएनएमपी४४१ आणि ईएसपी३२ वापरताना माझे नेमके कोठे चुकते आहे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी रहदारीच्या रस्त्याकडे उघडते. रात्री तेथे प्रत्यक्षात किती आवाज असतो याची महिनाभर नोंद ठेवावी, या हेतूने मी आयएनएमपी४४१ हे डिजिटल मायक्रोफोनचे गोल मॉड्यूल ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला आय-टू-एस (चिपांमध्ये डिजिटल आवाज नेण्याच्या) पद्धतीने जोडले आहे. सॅम्पलिंगचा, म्हणजे सेकंदाला किती वेळा आवाज मोजायचा याचा, दर १६ किलोहर्ट्‌झ ठेवला आहे. सुरुवातीला केवळ शून्ये येत होती. एल/आर ही डावे-उजवे चॅनेल निवडणारी पिन मोकळी राहिली होती, ती ग्राउंडला जोडल्यावर आणि सॅम्पलची रुंदी १६ ऐवजी ३२ बिट केल्यावर आकडे येऊ लागले.

त्यांवरून मी आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) काढतो, त्याला ४२०४२६ या संदर्भमूल्याने भागतो, भागाकाराचे डेसिबलमध्ये रूपांतर करतो आणि त्यात ९४ मिळवतो. टाळी वाजवली की आकडा वाढतो, म्हणजे मायक्रोफोन ऐकतो आहे. परंतु रात्री दोन वाजता, खिडकी बंद आणि पंखाही बंद असताना तो ८८ च्या आसपास स्थिरावतो, हे उघडच अशक्य आहे. मायक्रोफोन खिडकीपाशी आणि बोर्ड टेबलावर असल्याने मधली वायर दीड मीटर आहे, आणि अधूनमधून एखादा आकडा एकाएकी फार मोठा येतो. दोष मॉड्यूलमध्ये आहे की माझ्या प्रोग्रॅममध्ये?

पहिले उत्तर

मॉड्यूल बहुधा निर्दोष आहे, आणि चूक कोठे आहे ते ८८ हाच आकडा सांगतो. हा मायक्रोफोन २४ बिटांचे सॅम्पल देतो, पण ते ३२ बिटांच्या जागेत वरच्या बाजूला बसवलेले असते आणि खालचे ८ बिट निरुपयोगी असतात. वाचलेली संख्या धन-ऋण चिन्हासहित ८ बिटांनी उजवीकडे सरकवली नाही, तर प्रत्येक मूल्य २५६ पट मोठे धरले जाते, आणि २५६ पट म्हणजे ४८ डेसिबल. आपल्या ८८ मधून ४८ वजा केल्यास ४० उरतात, जे मध्यरात्रीच्या बंद खोलीला शोभण्यासारखे आहे. सरकवताना चलाचा प्रकार चिन्हासहित ३२ बिटांचाच ठेवावा, अन्यथा ऋण मूल्ये प्रचंड धन होऊन बसतील.

दुसरी चूक लहान आहे, पण नोंद महिनाभराची असल्याने ती आताच सुधारावी. डेटाशीटनुसार १ किलोहर्ट्‌झच्या ९४ डेसिबल स्वराला हा मायक्रोफोन पूर्ण पल्ल्यापेक्षा २६ डेसिबल कमी पातळी देतो, आणि त्यावरून येणारे ४२०४२६ हे त्या ज्यालहरीचे (साइन वेव्हचे) शिखरमूल्य आहे. आपण मात्र त्याने आरएमएसला भागता. २ च्या वर्गमुळाने भागून आलेले २९७२८६ हे संदर्भमूल्य घ्या, म्हणजे सर्व आकडे ३ डेसिबलने वर येतील.

रुंदी ३२ बिट केल्यावर आकडे का येऊ लागले, हेही समजून घेणे उपयोगाचे ठरेल. या मायक्रोफोनला डब्ल्यूएसच्या (डावे-उजवे चॅनेल दाखवणाऱ्या सिग्नलच्या) प्रत्येक आवर्तनात क्लॉकचे ६४ ठोके लागतात, आणि १६ बिटांच्या मांडणीत ते केवळ ३२ मिळतात. तसेच क्लॉक सुरू झाल्यावर पहिले २६२१४४ ठोके तो शून्येच पाठवतो. आपल्या दराने ते सुमारे पाव सेकंद होतात, तेवढी सुरुवातीची सॅम्पल टाकून द्यावीत. आरएमएस काढण्यापूर्वी सॅम्पलची सरासरी शून्याजवळ आहे ना, हे एकदा तपासावे, आणि नसल्यास ती वजा करावी.

दुसरे उत्तर

अचानक येणाऱ्या मोठ्या आकड्यांचे कारण मला त्या दीड मीटरच्या वायरीत दिसते. सिग्नल डिजिटल असल्यामुळे तो कितीही लांब नेता येतो, असा समज आढळतो, पण आय-टू-एसची रचना मुळात एकाच बोर्डावरील चिपांमध्ये संवाद व्हावा म्हणून झाली आहे. आपल्या दराला क्लॉक १.०२४ मेगाहर्ट्‌झचा आहे. लांब वायरीत त्याच्या कडा विस्कटतात आणि एखादा ठोका चुकीचा मोजला गेला की संपूर्ण सॅम्पलचे बिट एका घराने सरकतात. ईएसपी३२ मायक्रोफोनजवळच ठेवा, वायर १० सेंटीमीटरच्या आत आणा, लांबून केवळ वीज न्या आणि आकडे वायफायने पाठवा. मॉड्यूलच्या वीजपिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा, आणि पुरवठा ३.३ व्होल्टचाच असावा, ५ चा कदापि नको.

डबी तयार करण्यापूर्वी मॉड्यूल उलटून पाहा. धातूच्या टोपणाला छिद्र नसते. आवाज आत जाण्याचे बारीक छिद्र पीसीबीतून (सर्किटच्या पट्टीतून) आरपार जाऊन विरुद्ध बाजूला उघडते, आणि तीच बाजू रस्त्याकडे असायला हवी. त्या छिद्रात फ्लक्स किंवा गरम गोंद गेला, किंवा सोल्डरिंगनंतर पीसीबी द्रावणाने धुतली, तर आतला पडदा कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून काम करताना त्यावर चिकटपट्टी लावून ठेवणे बरे.

तिसरे उत्तर

आपला हेतू रात्रीच्या आवाजाची नोंद हा आहे, म्हणून थोडे आग्रहाने लिहितो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे, परंतु ती ए-वेटिंग (कानाच्या संवेदनेप्रमाणे प्रत्येक स्वराला कमीअधिक वजन देणे) केलेल्या आणि ऊर्जेच्या हिशेबाने काढलेल्या सरासरीची आहे. निम्मा वेळ ४० आणि निम्मा वेळ ६० डेसिबल असल्यास सरासरी ५० नव्हे, ५७ येते. डेसिबलच्या आकड्यांची थेट सरासरी काढणाऱ्या नोंदीत ट्रक आणि हॉर्न जवळजवळ नाहीसे होतात, आणि झोप तर त्यांनीच मोडते.

ए-वेटिंगमध्ये १०० हर्ट्‌झचा आवाज १९ डेसिबलने कमी धरला जातो. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांचा छातीत जाणवणारा ठोका आकड्यात त्या मानाने दिसत नाही, हा यंत्राचा दोष समजू नये. सॅम्पलिंगचा दर ४८ किलोहर्ट्‌झ करा, कारण १६ च्या दराला ८ किलोहर्ट्‌झच्या वरचे काहीच टिपले जात नाही, आणि ए-वेटिंगच्या फिल्टरचे गुणांक त्याच दरासाठी काढलेले आहेत याची खात्री करा.

या मायक्रोफोनच्या संवेदनक्षमतेत नगागणिक ३ डेसिबलपर्यंत कमीअधिक फरक असू शकतो. म्हणजे खऱ्या ४५ ला एखादा नग ४२ दाखवील, एखादा ४८. आयईसी ६१६७२ मानकात बसणाऱ्या ध्वनिमापकाशेजारी ठेवून हा फरक एकदा निश्चित करून घेतल्याशिवाय या नोंदी तक्रारीला जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रींची आपसांत तुलना करण्यासाठी मात्र त्या तशाही उपयोगी पडतील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ८ बिट सरकवले आणि संदर्भमूल्य बदलले, तेव्हा त्याच खोलीत ४३ आले. ए-वेटिंग जोडल्यावर ते ३६ वर आले. बोर्ड खिडकीपाशी नेल्यापासून दोन रात्रींत एकही विचित्र आकडा आलेला नाही. हे ३६ खरे मानावेत का?

पहिले उत्तर देणाऱ्याचा प्रतिसाद

पूर्णपणे नाही. या मायक्रोफोनचे सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ६१ डेसिबल आहे, म्हणजे त्याचा स्वतःचा गोंगाट ९४ वजा ६१, अर्थात ३३ डेसिबलच्या आवाजाइतका भरतो. आपल्या ३६ मधील निम्मी ऊर्जा मायक्रोफोनचीच आहे आणि खोलीतला आवाज ३३ च्या आसपास असावा. ४५ पाशी मात्र या गोंगाटाने जेमतेम ०.३ डेसिबलची भर पडते. त्यामुळे रस्त्याच्या नोंदीसाठी हेच मॉड्यूल पुरेसे आहे, आणि ४० च्या खालचे आकडे तक्त्यात वेगळ्या रंगात दाखवावेत.