शर्यतीचा रस्ता, पाणी आणि वेग : सोलापूरकरांचा अनुभव धागा

थंडीतली मॅरेथॉन जवळ आली की तेच प्रश्न फिरतात. रस्त्याची मोजणी, पाणी, पेसिंग (वेग आखून धावणं), प्रथमोपचार ज्यांनी सांभाळलंय त्यांनी इथे लिहा, वर नावाऐवजी आपला भाग टाका. किस्से नकोत, आकडे द्या.

विजापूर रोड
"जीपीएस घड्याळात अंतर जास्त आलं, रस्ता चुकीचा मोजला" असं म्हणण्याआधी मोजणी समजून घ्या. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणारं यंत्र, लावतात. पोलादी टेपने सरळ रस्त्यावर किमान ३०० मीटरची पट्टी आखायची आणि तिच्यावर चार फेऱ्या मारून किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं. मोजणी संपल्यावर त्याच पट्टीवर पुन्हा चार फेऱ्या. घाईत लोक नेमक्या याच गाळतात. आपल्याकडे सकाळी सहाचा गार टायर दहापर्यंत तापून फुगतो, मग आकडे कमी पडतात आणि हिशोब बिघडतो. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर धरून सर्वांत जवळची वाट घ्यायची. शेवटी रस्ता कमी पडू नये म्हणून हजारात एक भाग जादा: पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर, अर्धीला २१. धावणारा वळणं बाहेरून घेतो, जीपीएसही थोडं भरकटतं, म्हणून घड्याळ पुढे जातं.

सात रस्ता
मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८च्या लंडन ऑलिम्पिकचा, विंडसर किल्ल्यापासून शाही कक्षासमोरच्या रेषेपर्यंतचा. कायम झाला १९२१ मध्ये. दरवर्षी होणाऱ्यांत सर्वांत जुनी बोस्टनची, १८९७ पासून. आपल्याकडे पुण्याची १९८३ पासून. आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये १९वे आले होते. हे नाव शाळेतल्या प्रत्येक धावणाऱ्या पोराला माहीत असायला हवं.

होटगी रोड
पाणी दर पाच किलोमीटरला हवंच, आपल्या उन्हात अडीचला बरं. ग्लास १५० मिली, काठोकाठ नाही. सांडलेलं धरून माणशी २०० मिली, म्हणजे हजार जणांना एका ठिकाणी २०० लिटर, २० लिटरचे दहा जार. टेबलं ओळीत लावा. सगळे पहिल्याच टेबलावर तुटून पडतात, म्हणून स्वयंसेवकाने "पुढे घ्या, पुढे घ्या" ओरडत राहायचं. कचऱ्याचे डबे पुढे ५० ते १०० मीटरवर. पुढचे धावपटू पाणी डोक्यावर ओततात आणि साडेआठच्या चटक्यात येणाऱ्या मागच्यांना जार रिकामे मिळतात. म्हणून एक तृतीयांश साठा आधीच बाजूला काढून ठेवा.

जुळे सोलापूर
दोन तासांत अर्धी मॅरेथॉन करायची तर किलोमीटरला सरासरी ५:४१ (मिनिटं:सेकंद). पहिले तीन किलोमीटर ५:५०ने, उरलेले ५:३९ने. उलटं केलंत तर १५ किलोमीटरनंतर पाय जड. सकाळी शेंगाचटणी-भाकरी नको, तेल आणि कोंडा पोटात रेंगाळतो. दोन तास आधी केळं, ब्रेड-जॅम पुरे.

अशोक चौक
सूत आपल्या गावाचा अभिमान, पण धावताना सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि काखा-मांड्या सोलून निघतात. व्हॅसलीन आधीच लावा, जळजळ सुरू झाल्यावर नाही.

होटगी रोड (पुन्हा)
एक राहिलं. चार-पाच तास नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं: बोटं सुजतात, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळतो. अशाला आणखी पाणी देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घोळायचं, ग्लासात अर्धं पाकीट टाकून नाही.