पोटाचं दुखणं आणि न सापडणारं कारण : खान्देशकरांनो, आपापले अनुभव लिहा

वर्षानुवर्षं पोट बिघडलेलं आहे आणि तरीही प्रत्येक रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतोय, अशांसाठी हा धागा काढते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्यांनी लिहावं, कामधंद्यासाठी सुरत-नाशिकला गेलेल्यांनीही. निदान झालं असेल तर ते कुठल्या तपासणीने झालं, हे मुद्दाम सांगा. झालं नसेल तर तेही लिहा. औषधांचे डोस आणि दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. माहेर यावलकडचं. तिथे कळण्याची (ज्वारी-उडदाची) नाहीतर दादर ज्वारीची भाकरी रोजची, गहू सणावाराला. सासरी अमळनेरला दोन्ही वेळा पोळी आणि सुट्टीच्या दिवशी वरण-बट्टी. लग्नाला वर्षही झालं नसेल, पोट फुगायला लागलं. जुलाब, केस गळणं, जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईनमधून लोह झालं, सोनोग्राफी झाली. बेंबीची वटी सरकली म्हणून ती बसवूनही आणली. ‘नवीन घर आहे, टेन्शन घेऊ नका’ हे तर प्रत्येकाने ऐकवलं.

शेवटी एका फिजिशियनबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला : इतकं लोह पोटात जातंय, मग ते रक्तात का उतरत नाही? त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली. ती पॉझिटिव्ह आली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेतले आणि सिलिअ‍ॅक निघाला. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं आणि अन्न अंगी लागत नाही. उत्तर भारतात हा जास्त आढळतो, म्हणून आपल्याकडे पटकन कुणाच्या मनात येत नाही.

गहू सोडणं म्हणजे नुसती पोळी सोडणं नव्हे. गिरणीत गव्हानंतर ज्वारी टाकली की पीठ मिसळलंच, म्हणून घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, बहुतेक डब्यांत गव्हाचं पीठ असतं. सगळ्यात अवघड गेलं ते कानबाई देवीच्या सणाचं. रोट गव्हाचे, आणि ते घरातल्यांनीच संपवायचे. मी ताटासमोर नुसती बसून होते. सासूबाईंनी रोटाचा तुकडा माझ्या कपाळाला लावला, ‘कानबाईले समजस’ म्हणाल्या आणि माझ्यासाठी वेगळी शिजवलेली भगर पुढे ठेवली. त्या दिवसापासून घरात मला कुणी आग्रह केलेला नाही.

धडगाव, विद्यार्थी

ताई, माझं दुखणं पोटाचं, पण कारण पोटात नव्हतं. मी पावरा समाजाचा. अधूनमधून पोट असं धरायचं की गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचो. सोबत हाडंही ठणकायची, पण दवाखान्यात पोटावर हात ठेवला की हाडांचं कुणी विचारायचंच नाही. गॅस म्हणाले, जंत म्हणाले, भगताकडेही झालं. एकदा अपेंडिक्सच्या ऑपरेशनची तयारी सुरू होती. तिथल्या एका सिस्टरांनी डोळ्यांतला पिवळेपणा बघितला आणि विचारलं, ‘नात्यात अजून कुणाला असं होतं का?’ मामेबहिणीला व्हायचं. सोल्युबिलिटी तपासणी केली, पाठोपाठ इलेक्ट्रोफोरेसिस, आणि सिकलसेल निघाला. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि पोटात कळा येतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत हा आजार पुष्कळ आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात तपासणी होते. आपल्या भागातल्या मुलाचं पोट पुन्हा पुन्हा दुखत असेल तर आधी हे बघून घ्या. थंडी, ताप आणि पाणी कमी पडणं यांनी मला त्रास उठतो. हिवाळ्यात शेतात रात्रीचं पाणी भरायला आता मोठा भाऊ जातो.

भुसावळ

माझं छोटंसं आहे. दुधाचा चहा घेतला की तासाभरात पोटात गुडगुड आणि जुलाब. श्वासाची हायड्रोजन टेस्ट केली, लॅक्टोज पचत नाही. दही-ताक चालतं, दूध बंद. एवढ्यावर बरा आहे.

शिरपूर, सूतगिरणीत नोकरी

उजव्या बाजूला बेंबीच्या खाली दुखायचं. संध्याकाळी कणकण, आणि वजन एवढं उतरलं की पट्ट्याला नवी भोकं पाडली. कोलोनोस्कोपीत लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे व्रण दिसले. बायोप्सीत नक्की काही ठरेना. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून टीबीची औषधं सुरू केली. मी सहा महिन्यांचा कोर्स एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. ताप गेला, भूक आली, पण दुखणं उलटलं. पुन्हा दुर्बीण केली तर व्रण तसेच. तेव्हा क्रोन्स, म्हणजे आतड्याला कायम सूज येणारा आजार, ठरला.

त्या काळात राग खूप यायचा. नंतर नाशिकच्या डॉक्टरांनी कागद पसरून समजावलं की हे दोन आजार त्याच जागी होतात, तसेच दिसतात, आणि टीबी असताना क्रोन्सची औषधं दिली तर टीबी उसळू शकतो. म्हणून आधी टीबीचा उपचार करून बघतात. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर ते महिने मी वेगळ्या मनाने काढले असते.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा : दुसरीकडे दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे आपल्या आतड्याचा तुकडा बसवलेली मेणाची चौकोनी वडी. लॅबवाल्याने बजावलं होतं, मे महिना आहे, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मी रुमालात गुंडाळून पाण्याच्या बाटलीशेजारी नेला. तोच ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनी पुन्हा कापून बघितला.

साक्री

मला अजून काहीच सापडलेलं नाही. जेवलं की कळ, कधी जुलाब, कधी तीन-चार दिवस काहीच नाही. सोनोग्राफी, दुर्बीण सगळं नॉर्मल. ‘आयबीएस’ लिहून दिलंय. धुळ्याची एसटी पकडायची म्हटलं की आदल्या रात्रीपासून जेवत नाही, कारण वाटेत कुठे उतरता येईल याची खात्री नसते. घरात स्थळं बघतायत आणि आई पाहुण्यांसमोर हा विषय काढू देत नाही. ‘तुले काहीच नही व्हयेल’ असं ती मायेनेच म्हणते, पण ते ऐकलं की मी एकटी पडते.

पाचोरा, परिचारिका

साक्रीच्या ताई, आयबीएस हा खराच आजार आहे. आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो, तो कुठल्याच दुर्बिणीत दिसत नाही. पण रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, ताप, आपोआप घटणारं वजन किंवा रक्त कमी असणं, यातलं काहीही असेल तर आयबीएसवर थांबू नका. शौचाच्या नमुन्यातली कॅल्प्रोटेक्टिन तपासणी विचारा, आतड्याला सूज आहे का ते तिच्यातून कळतं. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या वडिलांचे जुलाब मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे होते; डॉक्टरांनी गोळी बदलली आणि थांबले.

अमळनेर (धागा काढणारी)

साक्रीची बहीण, टीटीजी झाली आहे का ते फाइलमध्ये बघ. नसेल तर ती होईपर्यंत पोळी सोडू नकोस. गहू बंद असताना रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. जाताना आईला सोबत ने. माझ्या घरी डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, तेव्हाच सगळं बदललं.

साक्री

फाइल काढून बसले आहे. टीटीजी कुठेच नाही. आई शेजारी बसून हे सगळं वाचतेय, येते म्हणाली. ही तपासणी इथे साक्रीत होते की नमुना धुळ्याला पाठवतात, कुणाला माहीत आहे का?