मदत हवी आहे: स्वीडिश बँड एंग्लागोर्डच्या 'एपिलॉग' अल्बमचा तिसरा ट्रॅक वाजतच नाही

सुरावट
दुसरा ट्रॅक संपला की थेट चौथा सुरू होतो. दुसऱ्यातही मधले तुकडे गायब, बासरी चालू असतानाच ड्रम अंगावर येतात. सीडीवर ओरखडा नाही. पुन्हा रिप केलं, म्हणजे सीडीवरून फाइली काढल्या, तरी तेच. लवकर सांगा.

खर्ज
प्लेअर कोणता? फाइल फ्लॅक (दर्जा न घटवणारी) की एमपी3? हे नाही सांगितलं तर सगळे अंदाजच बांधणार. शिवाय दुसऱ्या ट्रॅकची, 'होस्तसेय्द'ची, लांबी किती दिसते ते बघा. 15:32 च्या आसपास असेल तर रिप ठीक, गडबड प्लेअरमध्ये. कमी असेल तर रिप करतानाच कापलं गेलंय.

सुईधार
हा अल्बम एलपीवरच ऐकावा. रिपची भानगडच नको.

पडघम
एलपीवर? यातले हळू भाग इतके हळू आहेत की सुईची खरखर त्यांच्या वर येईल. 1994 चा अल्बम आहे, एकही शब्द गायलेला नाही, सगळा जीव हळू आणि मोठ्या आवाजातल्या फरकात. असल्या अल्बमला सीडीच बरी.

सुईधार
चांगलं प्रेसिंग असेल आणि रेकॉर्ड धुतलेली असेल तर खरखर जाणवत नाही.

सुरावट
प्लेअर फूबार, फाइल फ्लॅक. लांबी 15:32 दिसते, पण घड्याळ लावलं तर त्याआधीच संपतो. तिसरा 0:14 दिसतो.

खर्ज
मग 'स्किप सायलेन्स' चालू असणार. फाइल, प्रेफरन्सेस, प्लेबॅक, डीएसपी मॅनेजर असं जा. चालू डीएसपींच्या (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सोयींच्या) यादीत ते दिसेल, काढून टाका आणि अप्लाय करा. त्याला एक डेसिबलची मर्यादा आणि किमान कालावधी दिलेला असतो. आवाज तेवढा वेळ त्या मर्यादेखाली राहिला की प्लेअर ती शांतता समजून पुढे उडी मारतो. तिसरा ट्रॅक 'रोस्तेन', त्याचे 14 सेकंद तर जवळजवळ शांतच आहेत, त्यामुळे अख्खा ट्रॅक गिळला जातो. रिपरमध्येही सुरुवातीची-शेवटची शांतता कापायचा पर्याय असतो, तोही बंद ठेवा.

मंद्रसप्तक
मूळ अडचण हळू आवाजाची आहे. विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन चालू करा, सगळं एकसारखं ऐकू येईल.

पडघम
कृपा करून तसं करू नका! मग पियानोचा एकटा सूर आणि अख्खा बँड एकाच उंचीवर येतात, चौथ्या ट्रॅकमधला, 'स्कूग्सरांदेन'मधला, चढ सपाट होतो. रिप्लेगेन, म्हणजे आवाजाची पातळी जुळवणारी सोय, तीही ट्रॅक मोडवर नको. ती प्रत्येक ट्रॅक वेगळा मोजते, म्हणजे सुरुवातीचा दोन मिनिटांचा हळुवार 'प्रोलॉग' नको तितका मोठा होतो. सहाही ट्रॅक निवडा, राइट क्लिक करून एकच अल्बम म्हणून स्कॅन करा आणि सोर्स मोड अल्बम ठेवा.

मंद्रसप्तक
लोकलमध्ये हेडफोनवर ऐकणाऱ्याने काय करायचं?

पडघम
लोकलमध्ये त्यांचा आधीचा अल्बम 'हायब्रिस' ऐकावा.

तारषड्ज
यातला कोरस खरा नाही, मेलोट्रॉन आहे, म्हणजे टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारं कीबोर्ड वाद्य. त्याच्या एम400 मॉडेलला 35 पट्ट्या, प्रत्येकीखाली टेपचा एक तुकडा, साधारण 8 सेकंदांचा. टेप संपली की सूर थांबतो आणि बोट उचललं की स्प्रिंग ती मागे ओढते. म्हणून लांब कॉर्ड धरायची तर वादक एकेक बोट आळीपाळीने उचलून पुन्हा ठेवतो, सगळे सूर एकदम तुटत नाहीत.

सुईधार
कोरस खरा की खोटा, विचारलं कुणी?

सुरावट
स्किप सायलेन्स यादीत होतंच. काढलं, 15:32 पूर्ण वाजतो आणि तिसराही लागतो. खर्ज, आभार. आता दोन ट्रॅकच्या सांध्यावर फोनमध्ये बारीक खंड पडतो, ते कशाने?

खर्ज
फोनसाठी एमपी3 केल्या असतील. एमपी3 बनवणारा एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडतो. लेम नावाच्या एन्कोडरने केलेल्या फाइलीत ती किती हे नोंदलेलं असतं, पण प्लेअरने ते वाचायला हवं. फ्लॅकच कॉपी करा आणि प्लेअरमध्ये गॅपलेस (सलग, खंड न पाडता वाजवणं) चालू आहे ना बघा. फोन कोणता?