शाळा सुटल्यावर पोराला कोण घेणार? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

ए-२०४: आज दुपारी बी विंगच्या जिन्यात दुसरीतलं पोरगं दप्तर घेऊन एकटं बसलेलं होतं, एप्रिल महिना, सकाळची शाळा, बाराचं ऊन आणि आपलं जळगाव, पारा चाळीसच्या वर, काय होतं ते कोणाला सांगायला नको. त्याच्या आईने ग्रुपवर टाकलं होतं की अचानक मीटिंग लागली, कोणी व्हॅनमधून उतरवून घेईल का, खाली तीन-चार जणांचे अंगठे. प्रत्येकाला वाटलं दुसरा गेला. अंगठा म्हणजे "हो" की नुसतं "वाचलं", हे त्या आईला कळणार कसं? माझं स्पष्ट मत आहे, पोराचं काम ग्रुपवर सोडू नका, एकाच माणसाला फोन करा, त्याच्या तोंडून "हो, मी घेते" ऐका मगच फोन ठेवा.

बी-१०३: माय माय, लालबुंद झालं होतं पोरगं. घरी आणलं, पन्हं दिलं, पंख्याखाली बसवलं तेव्हा बोलायला लागलं. पण एक मनापासून सांगते, राग मानू नका, मी घरी असते म्हणून सगळ्यांचे फोन मलाच येतात. पोरांचा कंटाळा नाही हो मला, पण बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ गॅसवर शिजत असतं आणि फोन येतो की व्हॅन गेटवर आली, जीव नुसता टांगणीला लागतो. आदल्या रात्री माहीत असेल तर रात्रीच सांगा ना. आणि कधी नाही म्हटलं तर त्यावरून अबोला नको.

सी-४०१: वहिनी बरोबर बोलल्या. माझी एमआयडीसीत सेकंड शिफ्ट असते, दुपारी दोनपर्यंत घरीच असतो पण मला कोणी विचारतच नाही भो, सगळं बायकांवरच. पप्पा लोकांनाही फोन लावा. अजून एक, ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असं २०१७ ला मातृत्व लाभ कायद्यात आलं, आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, नोकरीवाल्या ताईंनी आपापल्या ऑफिसात विचारा तरी.

ए-३०५: माझ्या पोरीला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, प्लीज सगळ्यांनी लक्षात ठेवा. आपल्याकडे ठेच्यात शेंगदाणे, चटणीत शेंगदाणे, भाजीच्या वाटणात पण, तुम्ही मायेने घास द्याल आणि तिचे ओठ सुजतील. श्वास लागला तर माझी वाट न बघता १०८ ला फोन करा.

ए-२०४: हे फार महत्त्वाचं. कोणाचंही पोर घेताना काय चालत नाही, औषध काय, आईबाबांनी फोन नाही उचलला तर तिसरा नंबर कोणाचा, एवढं विचारून घ्या. शाळेतून आणायचं असेल तर डायरीत आणणाऱ्याचं नाव लिहून सही करा, गेटवर अनोळखी माणसाकडे पोर देत नाहीत ते चांगलंच आहे. व्हॅनवाल्या काकांनाही पालकांनीच कळवायचं, पोराच्या हाती निरोप नको.

बी-२०२: १०३ वहिनी, तुमचे उपकार विसरणार नाही. ४०१ भाऊ, उद्या पण मीटिंग आहे, तुम्हाला आत्ता फोन करू का?

सी-४०१: करा ना. काकांना माझा नंबर पाठवा. आणि तो आल्यावर जेवतो काय ते सांगा.

बी-२०२: वरणभात. ठेचा मागेल, देऊ नका, रात्री पोट दुखतं त्याचं.